किरायाचे फ्लॅट लावून देणाऱ्यांचं कमिशन आणि बोनस: नागपुरातल्या ऑफिसने हिशेब कसा बसवावा

जून लागला की नागपुरातल्या किरायाचे फ्लॅट लावून देणाऱ्या ऑफिसांचे फोन थांबत नाहीत. व्हीएनआयटीत आणि इतर कॉलेजांत आलेले विद्यार्थी, एम्समध्ये नाहीतर मेडिकलमध्ये रुजू होणारे डॉक्टर, मिहानमधल्या आयटी कंपन्यांत लागलेली पोरं, बदलीवर आलेले बँकवाले, सगळ्यांना पंधरा दिवसांत घर हवं असतं. ही घरं दाखवत जरिपटक्यापासून मनीषनगरपर्यंत टू-व्हीलरवर फिरणारी मुलंमुली, ऑफिसात बसून चौकशीचे फोन घेणारी ताई आणि करारनामा करून देणारा दादा यांच्या कामावर हा सगळा धंदा चालतो. यांच्यापैकी कोणालाही विचारा की या महिन्यात कमिशन किती होईल, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "सर बघून देतील."

हे उत्तर बदलावं म्हणून हा लेख लिहितोय. दोन ते पंधरा माणसांचं ऑफिस चालवणाऱ्यांसाठी तो आहे, आणि अशा ऑफिसात काम करणाऱ्यांनीही तो मालकासमोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं. कमिशनची पद्धत बरोबर आहे की नाही हे तपासायला माझ्याकडे एकच कसोटी आहे. महिन्याच्या शेवटच्या तारखेला कर्मचाऱ्याला आपल्या मोबाइलवर स्वतःचा आकडा काढता आला पाहिजे, आणि तो ऑफिसच्या आकड्याशी जुळला पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या कसोटीवर घासून घ्या. उदाहरणांतले आकडे समजायला सोपे म्हणून घेतले आहेत. तुमच्या ऑफिसचे टक्के वेगळे असतील, रीत तीच ठेवा.

पायरी १: कमिशन कोणत्या रकमेवर, ते आधी ठरवा

भांडणाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. किरायदार ऑफिसात एकदम बरीच रक्कम भरतो. त्यात ब्रोकरेज असते, जीएसटी असतो, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी असते, कधी डिपॉझिटचा चेकही सोबतच येतो. यातली ऑफिसची कमाई फक्त ब्रोकरेज.

समजा मनीषनगरचा टू बीएचके १८,००० रुपये किरायाने गेला आणि ब्रोकरेज एका महिन्याच्या किरायाएवढी ठरली. ऑफिस जीएसटीत नोंदलेलं असेल तर १८ टक्क्यांनी ३,२४० रुपये वर लागतील आणि किरायदार २१,२४० रुपये देईल. ते ३,२४० सरकारचे आहेत. कमिशनचा हिशेब १८,००० वर होईल.

करारनाम्याचा खर्चही असाच बाजूला काढा. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे किरायाच्या करारनाम्यावर, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं. ते मुदतीतल्या एकूण किरायावर, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर मोजतात. १८,००० किराया, ११ महिने आणि ५०,००० डिपॉझिट धरलं तर ते साधारण ५०० रुपये होतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. हे पैसे ऑफिसच्या हातून नुसते पुढे जातात. कर्मचाऱ्याला दाखवायच्या पावतीवर ते वेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे "तुम्ही तर एवढे घेतले, मग माझा हिस्सा एवढाच का" हा प्रश्न उरत नाही.

घरमालकाकडूनही ब्रोकरेज घेत असाल तर ती या आकड्यात धरायची की नाही, हेही याच पायरीवर ठरवून टाका. माझ्या मते धरावी. फ्लॅट दाखवणाऱ्या मुलीने दोन्ही बाजूंचं काम केलेलं असतं, आणि एका बाजूची रक्कम लपवली की तिचा ऑफिसच्या एकूण हिशेबावरचाच विश्वास जातो.

पायरी २: फिक्स पगार आधी, कमिशन त्याच्या वर

"फिक्स काही नाही, जेवढं कराल तेवढं तुमचं" ही पद्धत नागपुरात अजून दिसते. माणूस ऑफिसच्या वेळेत येत असेल, ऑफिस सांगेल तिथे जात असेल, सुट्टी विचारून घेत असेल, तर तो कर्मचारी आहे. त्याचा पगार किमान वेतनाच्या खाली जाऊ शकत नाही, आणि चांगल्या महिन्यातलं कमिशन दाखवून मंदीच्या महिन्याचा पगार बुडवता येत नाही. केंद्राची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत हातात पडला पाहिजे.

फिक्स किती असावा? घरचा किराया, किराणा आणि मुलांची फी यांची सोय त्यात व्हावी, एवढा. कमिशनवर घर चालवावं लागलं की माणूस ग्राहकाला खोटं सांगायला लागतो. "पाण्याचा काही त्रास नाही" हे वाक्य बऱ्याच वेळा रिकाम्या खिशातून निघतं, हे मालकांनी लक्षात घ्यावं.

पेट्रोल आणि मोबाइलचं बिल कमिशनमध्ये धरू नका. शहराच्या एका टोकाचा फ्लॅट दाखवून मिहानकडे जायचं, तिथून परत हिंगणा रोडला, असं दिवसाला दोनदा झालं तरी पेट्रोलचा खर्च जाणवतो. किलोमीटरमागे एक दर ठरवा, चार रुपये म्हणा, आणि आठवड्याला चुकता करा. डील न होणाऱ्या फेऱ्यांचंही पेट्रोल द्यावं लागतं, कारण दहा जणांना दाखवल्याशिवाय अकरावा घेत नाही.

कमिशनच्या भरवशावर दरमहा उचल देऊन ती नंतर वळती करण्याची पद्धतही असते. ती टाळावी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धंदा बसला की उचल अंगावर चढत जाते आणि माणूस कर्जाने ऑफिसला बांधला जातो.

पायरी ३: एका डीलमध्ये किती हात लागले, ते मोजा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ घेते, आणि घेऊ द्यावी. एक फ्लॅट जातो तेव्हा किमान चार कामं झालेली असतात. कोणीतरी घरमालकाकडून तो फ्लॅट ऑफिसकडे आणलेला असतो. कोणीतरी जाहिरात टाकून, फोन घेऊन, किरायदाराला नेमकं काय हवं ते समजून घेतलेलं असतं. कोणीतरी फ्लॅट दाखवून दोन्हीकडे बोलणी जमवलेली असतात. आणि शेवटी कोणीतरी कागदपत्रं, करारनामा, पोलीस व्हेरिफिकेशन आणि चावी देण्याचं काम निभावलेलं असतं.

बऱ्याच ऑफिसांत पूर्ण कमिशन दाखवणाऱ्याला जातं, कारण डोळ्यांसमोर तोच असतो. मग फोनवरची ताई चौकशी नीट लिहून घेत नाही. तिला त्यातून काही मिळत नसेल तर तिने का घ्यावी? करारनाम्याचं कामही फार कमी लेखलं जातं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असायला लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ऑनलाइन नोंदणीत दोन्ही पक्षांचं आधार, अंगठा आणि फोटो लागतो. घरमालक सिव्हिल लाइन्सला, किरायदार रात्रपाळीवर, साक्षीदार ऐनवेळी गायब, अशा स्थितीत अंगठ्याचं मशीन घेऊन दोन-तीन घरी जाणाऱ्या माणसाचा हिस्सा शून्य ठेवणं अन्याय आहे.

म्हणून प्रत्येक डीलमागे कर्मचाऱ्यांसाठी एक गल्ला काढा. समजा ब्रोकरेजच्या २० टक्के. वरच्या उदाहरणात १८,००० चे २० टक्के म्हणजे ३,६०० रुपये. ते असे वाटता येतील: फ्लॅट आणणाऱ्याला १० टक्के म्हणजे ३६० रुपये, चौकशी सांभाळणाऱ्याला १५ टक्के म्हणजे ५४० रुपये, दाखवून पक्कं करणाऱ्याला ५५ टक्के म्हणजे १,९८० रुपये, आणि कागदपत्रं करणाऱ्याला २० टक्के म्हणजे ७२० रुपये. एकाच माणसाने दोन कामं केली तर त्याला दोन्ही हिस्से. काम मालकाने स्वतः केलं तर तो हिस्सा गल्ल्यातच ठेवा आणि बाकीच्यांत वाटा. मालकाचा नफा वेगळा आहेच.

हे टक्के बंद खोलीत ठरवू नका. चौघांना एकत्र बसवा, मागच्या चार-पाच डील एकेक करून आठवा, कोणत्या कामाला किती वेळ गेला ते त्यांनाच सांगू द्या. फिल्डवरच्या पोराला करारनाम्याच्या कामाची कल्पना नसते, आणि ऑफिसात बसणाऱ्याला मे महिन्यातल्या दुपारची. अशा एका बैठकीत बरीच कुरबूर तिथल्या तिथे मिटते.

पायरी ४: लहान फ्लॅटलाही दाम द्या

नुसत्या टक्क्यांवर चाललं की सगळ्यांची नजर रामदासपेठ आणि धरमपेठेच्या मोठ्या फ्लॅटकडे वळते. वाडीतली सहा हजारांची खोली शोधणाऱ्या पोराला कोणी परत फोन करत नाही. खरं तर त्या खोलीसाठी फेऱ्या तेवढ्याच लागतात, करारनामाही तेवढाच लागतो. म्हणून प्रत्येक डीलच्या गल्ल्याला एक किमान रक्कम ठरवा, जसं १,५०० रुपये. ६,००० च्या ब्रोकरेजचे २० टक्के १,२०० होतात, तिथे ऑफिसने ३०० घालून १,५०० करावेत. लहान किरायाचे ग्राहक दोन वर्षांत मोठ्या फ्लॅटला येतात आणि सोबत मित्रांनाही आणतात, हा धंद्याचा हिशेबही यात आहे.

पायरी ५: कमिशन कोणत्या दिवशी पक्कं होतं

टोकन आलं, सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि चार दिवसांनी पार्टी फिरली. मग कमिशन लागू झालं की नाही? नियम लिहिलेला नसेल तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ लावतो. मी सुचवतो तो नियम असा. करारनाम्याची नोंदणी झाली आणि ब्रोकरेज ऑफिसच्या खात्यात आली, या दोन्ही गोष्टी ज्या दिवशी पूर्ण होतील त्या दिवशी कमिशन पक्कं. त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत जेवढ्या डील पक्क्या झाल्या, तेवढ्यांचं कमिशन पगारासोबत सात तारखेच्या आत.

यात तीन अडचणी येतात. त्या आधीच सोडवून ठेवा.

पहिली, उधारीची. किरायदाराला चावी मिळाली, पण त्याने ब्रोकरेज अर्धी थकवली. दाखवणाऱ्याचं काम संपलेलं आहे. चावी देण्याआधी पैसे घ्यायचे की नाही हा निर्णय मालकाचा होता, तर त्याचा धोकाही मालकाचा. चावी दिल्यापासून ३० दिवसांत पैसे आले नाहीत तर कर्मचाऱ्यांना निम्मा हिस्सा द्यावा आणि वसुली ऑफिसने करावी. बाकी निम्मा पैसे आल्यावर. कर्मचाऱ्याने मालकाला न विचारता चावी दिली असेल, तर मात्र पैसे आल्यावरच हिस्सा.

दुसरी, सवलतीची. "साहेब ओळखीचे आहेत, अर्धीच घ्या," असं मालकाने सांगितलं तर गल्ला पूर्ण ब्रोकरेजवर काढायचा. कर्मचाऱ्याने डील जमवण्यासाठी सवलत मागून घेतली असेल तर आलेल्या रकमेवर. ओळखी जपायचा खर्च मालकाने स्वतःच्या खिशातून करावा.

तिसरी अडचण मला सगळ्यात जास्त खुपते. सगळं जमलं, आणि घरमालक शेवटच्या क्षणी म्हणतो, "बॅचलर नको", "नॉनव्हेजवाले नको", किंवा नाव ऐकून जात-धर्मावरून नकार देतो. दाखवणाऱ्याच्या आठ-दहा फेऱ्या वाया गेल्या, आणि किरायदाराचा अपमान झाला तो वेगळाच. अशा मोडलेल्या डीलमागे ऑफिसने कर्मचाऱ्याला एक ठरलेली रक्कम द्यावी, ३०० रुपये तरी. त्याचबरोबर फ्लॅट आणतानाच घरमालकाशी स्पष्ट बोला. जात-धर्म विचारून नकार देणाऱ्या घरमालकाचं काम हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ऑफिसला प्रत्येक नकाराचे ३०० रुपये मोजावे लागले की हे बोलणं आपोआप लवकर होतं.

पायरी ६: बोनस कशाचा द्यायचा

कमिशन प्रत्येक डीलवर मिळतं. बोनस त्याहून जास्त किंवा जास्त चांगल्या कामासाठी असतो. बहुतेक ऑफिसं फक्त संख्येवर बोनस देतात, आणि तोही उडी मारून. "तीन महिन्यांत १५ डील केल्या तर १०,०००." मग १४ करणाऱ्याला शून्य. असा बोनस लोकांना पंधराव्या डीलसाठी कोणालाही कुठेही बसवायला शिकवतो, आणि ज्याचा आकडा मधल्या महिन्यात नऊवर अडकला तो पुढे हात हलवत नाही, हातातली डीलसुद्धा पुढच्या तिमाहीत ढकलून ठेवतो. त्याऐवजी १२ च्या पुढच्या प्रत्येक डीलला १,००० रुपये द्या. १४ झाल्या तर २,०००, १५ झाल्या तर ३,०००. पुढच्या प्रत्येक डीलला काहीतरी मिळतं, म्हणून कोणी मध्येच थांबत नाही.

टार्गेट महिन्याचं ठेवू नका, तिमाहीचं ठेवा, आणि चारही तिमाह्यांचं सारखं ठेवू नका. नागपुरात जून-जुलैचा ओघ वेगळा आणि दिवाळीनंतरचा वेगळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी बारा ते चार फ्लॅट दाखवणं बंदच ठेवायला हवं. त्या तासांचं टार्गेट कागदावर ठेवून माणसाला उन्हात धाडणं मला मान्य नाही. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर दाखवा, आणि एप्रिल ते जूनचं टार्गेट त्याप्रमाणे धरा. तसंच रिकाम्या फ्लॅटवर संध्याकाळी एकट्या मुलीने जायला नकार दिला, तर ती डील दुसऱ्याने केली तरी तिचा चौकशीचा किंवा बोलणीचा हिस्सा कापायचा नाही. सोबत दुसरा माणूस देणं हे ऑफिसचं काम.

संख्येच्या बोनसला एक मोठा दोष आहे. किरायदार हलला तरच पैसा, असं गणित होतं. मग जुना किरायदार समाधानी राहावा याची कोणाला ओढ राहत नाही. उलट "याहून चांगला फ्लॅट आहे" म्हणून त्यालाच फोन जातो. यावर दोन उपाय आहेत. एक, किरायदाराने ११ महिन्यांची मुदत पूर्ण केली की दाखवणाऱ्याला ५०० रुपये. दोन, त्याच घरात नवा करारनामा झाला की कागदपत्रं करणाऱ्याला ३०० आणि दाखवणाऱ्याला २०० रुपये. रकमा लहान आहेत, पण कर्मचारी मधल्या काळात एखादा फोन करून गिझर चालतोय का विचारतो, घरमालकाशी झालेला वाद मिटवतो.

सगळ्यात उपयोगी बोनस मला खऱ्या माहितीचा वाटतो. प्रत्येक फ्लॅटसाठी एक पानाचा कागद करा. पाणी नळाचं की बोअरचं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, पार्किंग कुठलं, मेंटेनन्स कोण भरणार, सोसायटीचे पाहुण्यांबद्दलचे नियम काय, मेट्रो स्टेशन किती दूर, आणि कूलर कुठे बसेल. नागपुरात शेवटचा प्रश्न गौण नाही. ज्या खिडकीला कूलर बसत नाही, तिथून किरायदार एप्रिलमध्ये उठतो. हा कागद किरायदाराने सही करून घेतला आणि पहिल्या तीन महिन्यांत "हे सांगितलंच नव्हतं" अशी तक्रार आली नाही, तर डीलमागे २०० रुपये. खरं बोलणाऱ्याला पगारात काही दिसलं तर तो खरं बोलत राहतो.

पायरी ७: दिलेलं परत कधी घ्यायचं

किरायदार महिनाभरात सोडून गेला आणि ऑफिसला ब्रोकरेज परत द्यावी लागली, तर कर्मचाऱ्याचं कमिशन परत घ्यायचं का? कारण पाहून ठरवा. किरायदाराची बदली झाली, लग्न ठरलं, घरमालकाने त्रास दिला, यात कर्मचाऱ्याचा काय दोष? तिथे परत मागायचं नाही. कर्मचाऱ्याने माहीत असलेली गोष्ट दडवली, आणि ती कागदावरून सिद्ध होते, तरच परत घ्यायचं. तेही ३० दिवसांच्या आतल्या घटनेसाठी, त्याच्या हिश्शापुरतं, आणि पुढच्या कमिशनमधून वळतं करून. फिक्स पगाराला हात लावायचा नाही. वेतन संहितेत कपात कशाकशासाठी करता येते त्याची यादी आहे आणि सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत. उशिरा आला म्हणून कमिशन कापलं, रजा घेतली म्हणून डील दुसऱ्याच्या नावावर लावली, असले प्रकार पूर्ण बंद.

पायरी ८: वादाच्या जागा

एकाच किरायदारावर दोघांचा हक्क. सगळ्यांना दिसेल असं एक गूगल शीट ठेवा. चौकशी आली की नंबर, तारीख आणि नोंदवणाऱ्याचं नाव टाका. पहिली नोंद ३० दिवस धरली जाईल. ३० दिवसांत त्याने किरायदाराला एकही फ्लॅट दाखवला नाही, तर नंबर मोकळा. दोघांनी मिळून दाखवलं असेल तर दाखवण्याचा हिस्सा निम्मा-निम्मा. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला होता, हा पुरावा धरू नका. शीटवर असेल तेच खरं.

नोकरी सोडणारा माणूस. त्याचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं. अर्धवट असलेल्या डीलची यादी शेवटच्या दिवशी दोघांच्या सहीने करा. त्यातल्या ज्या ४५ दिवसांत पक्क्या होतील त्यांतला त्याने केलेल्या कामाचा हिस्सा त्याच्या खात्यावर टाका. "गेला तो गेला" हे ऑफिसातल्या उरलेल्यांनाही दिसतं, आणि तेही आपापला हात राखून ठेवतात. बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवर गेलेल्यांनाही हाच नियम, फक्त ४५ दिवसांची अट न लावता.

बाहेरून घेतलेले पैसे. किरायदाराकडून वरचे पैसे घेणं किंवा घरमालक आणि किरायदाराची परस्पर गाठ घालून देणं, यावर कडक राहा, आणि पत्रात तसं लिहा. हे बोलायचा अधिकार मात्र ज्या ऑफिसने कमिशन वेळेवर दिलं त्यालाच असतो.

पायरी ९: कर आणि कायद्याची नोंद

कमिशन कर्मचाऱ्याच्या पगारात मिळून करपात्र होतं, म्हणून ते पगारपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. रोख देऊ नका. रोख घेतलेल्याला बँकेचं कर्ज मागताना कमाईचा कागद दाखवता येत नाही. व्यवसाय कर महिन्याच्या एकूण वेतनावर लागतो. महाराष्ट्रात महिलांना २५,००० रुपयांपर्यंत तो नाही, पण कमिशनमुळे एखाद्या महिन्यात त्या वर गेल्या तर २०० रुपये कापले जातील. हे आधी सांगा. बाहेरच्या माणसाला दिलेल्या कमिशनवर, ऑफिसला टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) लागू असेल तर, वर्षाला २०,००० रुपयांच्या वर २ टक्के कापावा लागतो.

वेतन संहितेच्या व्याख्येत कमिशन वेतनात येत नाही. मात्र कमिशन, घरभाडे भत्ता वगैरे वगळलेल्या रकमा मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेल्या की वरची रक्कम वेतनात धरली जाते. फिक्स फार कमी आणि कमिशन फार जास्त ठेवणाऱ्यांनी हे सीएकडून तपासून घ्यावं.

दिवाळीच्या बोनसची गल्लत नको. २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी कायद्याचा बोनस किमान ८.३३ टक्के असतो आणि कमाल २० टक्के. तो डीलच्या बोनसमधून वळता करता येणार नाही अशाच बेताने दोन्हींची नावं वेगळी ठेवा. महारेराची (राज्याच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाची) एजंट नोंदणी प्रकल्पांतल्या विक्रीसाठी असते. तुमची माणसं विक्रीही करत असतील तर त्या कमिशनचा हिशेब पूर्ण वेगळा करा.

पायरी १०: परवडतं का, ते मागच्या वर्षावर तपासा

मालकाच्या मनातला खरा प्रश्न हाच असतो. चौघांचं ऑफिस घ्या. फिल्डवरचे दोघं प्रत्येकी १८,००० आणि ऑफिसातले दोघं प्रत्येकी १६,०००, म्हणजे फिक्स ६८,०००. ऑफिसचा किराया, वीज आणि जाहिरात मिळून २५,०००. सरासरी ब्रोकरेज १४,००० धरा.

साधारण महिन्यात १२ डील झाल्या तर ब्रोकरेज १,६८,०००. गल्ला ३३,६००, फिक्स ६८,०००, पेट्रोल-फोन ७,०००, ऑफिस २५,०००. उरले ३४,४००. फिल्डवरच्या एकाने सहा डील पक्क्या केल्या तर त्याचं कमिशन ९,२४०, म्हणजे फिक्स धरून २७,२४०. जूनमध्ये २२ डील झाल्या तर ब्रोकरेज ३,०८,०००, आणि पेट्रोल-फोन १२,००० धरूनही सगळा खर्च जाऊन १,४१,४०० उरतात. मंदीत सहाच डील झाल्या तर पेट्रोल-फोन ५,००० धरून ३०,८०० रुपयांचा तोटा.

म्हणजे हंगामातली शिल्लक तिथेच खर्च न करता मंदीच्या पगारासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागेल. कर्मचाऱ्यांचा फिक्स त्या महिन्यांत कमी करून तोटा भरून काढण्याचा मार्ग बंद आहे. मागच्या १२ महिन्यांच्या डील काढून असाच तक्ता मांडा. वर्षाअखेर काहीच उरत नसेल तर गल्ला १८ टक्क्यांवर आणा, पण तो सुरू करण्याआधी आणा. हंगाम चालू असताना टक्का खाली आणला की माणसं पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ऑफिसात दिसतात.

सुरुवात जानेवारी ते मार्चच्या तिमाहीत करा. ओघ मध्यम असतो आणि चुका दुरुस्त करायला जूनच्या आधी वेळ मिळतो. त्या तीन महिन्यांत जुना आणि नवा दोन्ही हिशेब काढा, आणि जो जास्त येईल तो द्या. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाला आपला आकडा आधी सांगू द्या, मग ऑफिसचा दाखवा. फरक आला तर कोणता नियम अंधुक आहे ते तिथेच कळतं.

शेवटी हे सगळं पत्रावर उतरवा. मराठीत, दोन पानांत, दोघांच्या सहीने. नमुना असा ठेवता येईल:

"आपला मासिक फिक्स पगार रु. ____ असून तो पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आपल्या बँक खात्यात जमा होईल. पेट्रोल प्रति किलोमीटर रु. ____ दराने दर शनिवारी मिळेल. प्रत्येक पक्क्या डीलवर जीएसटी व शासकीय शुल्क वगळून ब्रोकरेजच्या ____ टक्के, किमान रु. ____, इतका गल्ला काढला जाईल. त्यात आपण केलेल्या कामाचा हिस्सा सोबतच्या तक्त्याप्रमाणे राहील. करारनाम्याची नोंदणी व ब्रोकरेज जमा होणे या दोन्ही गोष्टी पूर्ण होतील त्या दिवशी डील पक्की समजली जाईल. चौकशीची नोंद सामाईक शीटवर करावी व तीच ग्राह्य धरली जाईल. कमिशनचा तपशील दरमहा १ तारखेला आपणांस दाखवला जाईल आणि त्यावरील हरकत १५ दिवसांत ऐकून लेखी उत्तर दिले जाईल. या नियमांत बदल करायचा झाल्यास तो पुढील तिमाहीच्या पहिल्या तारखेपासून, किमान ३० दिवस आधी लेखी कळवून केला जाईल. त्यापूर्वी शीटवर नोंदलेल्या सर्व चौकशींना जुनेच नियम लागू राहतील."